बंदूक विकत मिळते, न्याय मिळत नाही



जानेवारीत हिवरे बाजारला गेलो होतो. या गावाला पाव्हण्यांचा तोटा नाही. राज्यातून, परराज्यांतून गाड्या भरभरून माणसे येतात, समतल चर बघतात, पाण्याचा ताळेबंद वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन वही फळीवर ठेवतात. आम्हीही दोन तालुक्यांतले वीसेक कार्यकर्ते त्याच कामाला गेलो होतो. पण आज सांगायचे आहे ते येताना वाटेत बघितले त्याबद्दल.

परतीच्या रस्त्यावर आमच्यातल्याच एकाच्या मेव्हण्याची वस्ती लागली. चहाला थांबलो. चहा झाला आणि घरातला तरुण पोरगा आतून एक काळी लांबट पेटी घेऊन आला. "सर, हे बघा, नवीन आणलंय." पेटीत हवेची बंदूक होती. नवी, आखूड. आपण जत्रेत फुगे फोडायला वापरायचो ती लाकडी दस्त्याची, मोडून भरायची छर्‍याची बंदूक नव्हे. हिचा घोडा पुढे आणि छर्रे भरायची जागा मागे, गालाजवळ. त्यामुळे नळी पुरती लांब राहते आणि बंदूक मात्र गोणपाटाच्या पिशवीत मावते. एका वेळी दहा छर्रे भरायचे. खाली हवेची नळकांडी, तिच्यात दोनशे बार दाब. मोटारसायकलच्या चाकात जेवढी हवा कोंबतो त्याच्या शंभर पट. ती भरायला खास हातपंप, आणि पंपाचे शंभरावर हात मारताना पोराला घाम फुटला होता.

त्याने बत्तीस हजार रुपये मोजले होते. जाहिरातीत लिहिले होते, 'शिकारीसाठी उत्तम'. आणि विकणार्‍याने तोंडी सांगितले होते, 'रानडुकराला पुरून उरेल.'

मी शेती शास्त्राचा पदवीधर. कागदावर छापले आहे म्हणून खरे मानायची सवय आमच्या महाविद्यालयानेच मोडली. म्हणून म्हटले, चल बाबा, बघू.

डब्याला भोक, डुकराला खाज

वीस पावलांवर तेलाचा रिकामा डबा ठेवला. पोराने नेम धरला. आवाज फारसा नाही, टाळी वाजावी तेवढाच. डब्याला आरपार भोक. सगळे खूष. मीही खोटे बोलणार नाही, वस्तू सुबक आहे. हातात चांगली बसते, धक्का देत नाही, दहापैकी आठ छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडले. कारागिरी करणार्‍याला नावे ठेवायचे कारण नाही.

मग डबा पन्नास पावलांवर नेला. दुपारचा वारा सुटला होता. छर्रा वीतभर बाजूला जाऊ लागला. मग खळ्याच्या कडेला मोटेचे जुने, वाळून टणक झालेले कातडे पडले होते ते दुमडून खांबाला टांगले. छर्रा त्यात रुतला आणि तिथेच बसला. पोराचा चेहरा उतरला.

त्यात नवल काहीच नाही. साधा हिशोब आहे. आपल्या देशात परवान्याशिवाय जी हवेची बंदूक मिळते तिला २०१६ च्या शस्त्र नियमांनी मर्यादा घातली आहे. नळीचे भोक साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि छर्‍याची ताकद वीस जूलपर्यंत. त्यापुढे गेली की परवाना लागतो. तो छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, शिशाचा. बारा बोअरच्या बंदुकीच्या एका बाराची ताकद याच्या शंभर पटीहून जास्त असते. आणि पुढे उभे असते ते ऐंशी-शंभर किलोचे रानडुक्कर. त्याच्या खांद्यावरचे कातडे त्या मोटेच्या कातड्याहून जाड, वर चिखलाचा लेप. छर्रा लागला तर त्याला खाज सुटेल. आणि वर्मी न लागता मांसात रुतला तर ते जखमी होऊन तुमच्याच अंगावर येईल. रात्री दोन वाजता, कपाशीच्या ओळीत, हातात पिशवीएवढी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या अंगावर.

बत्तीस हजार म्हणजे किती, हेही बघा. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. म्हणजे साडेआठ क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रानात बरे साल असेल तर दोन एकरांची रास. मध्यम धाग्याच्या कपाशीचा हमीभाव ७,७१०, म्हणजे चार क्विंटलच्या वर कापूस. तेही हमीभाव मिळाला तर. दोन एकरांचे पीक विकून पोराने पीक राखायचे खेळणे आणले. उरलेले पीक डुकराने खाल्ले.

विकायला मोकळीक, वापरायला तुरुंग

आता याहून मोठी गंमत ऐका. ही बंदूक दुकानात ओळखपत्र दाखवून मिळते. पेटीवर शिकारीचे चित्र असते. पण या देशात शिकार नावाचा उद्योग कायद्याने केव्हाच संपवला. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. तीत बंदूक आहे, जाळे आहे, विष आहे, सुरी आहे, फासे आहेत, आणि जनावराला इजा करू शकेल असे कुठलेही साधन आहे. हवेची बंदूक परवान्यातून सुटली म्हणून या व्याख्येतून सुटत नाही. आणि 'शिकार' म्हणजे केवळ मारणे नव्हे. जखमी करणे आणि मारायचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच.

२०२२ साली कायदा सुधारला, १ एप्रिल २०२३ पासून नव्या अनुसूच्या लागू झाल्या. काळवीट, चिंकारा, मोर पहिल्या अनुसूचीत. शिक्षा कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. रानडुक्कर, रोही, ससा दुसर्‍या अनुसूचीत. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका बड्या सिनेनटाला काळविटाच्या खटल्यात २०१८ साली पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन दिवसांत तो जामिनावर बाहेर आला. त्याच्या मागे वकिलांची फौज होती. तुमच्या पोराच्या मागे कोण आहे? तुमची उरलेली दोन एकर.

म्हणजे व्यवस्था कशी लागली आहे बघा. विकणार्‍याला मोकळीक, कर भरला की तो सुटला. सरकारला कर मिळाला. आणि वापरणारा शेतकरी गुन्हेगार. दुकानातून बंदूक घेऊन बाहेर पडताना जो ग्राहक होता तो बांधावर पोचेपर्यंत आरोपी झाला.

पाखरांवर रोखलेली नळी

कोणी म्हणेल, डुकराला नाही तर नाही, ज्वारीवरची पाखरे तर मारता येतील. खरी भीती मला इथेच आहे. कारण ही बंदूक खरोखर मारू शकते ती फक्त पाखरे आणि ससे. डुकरासाठी घेतलेली बंदूक डुकरावर चालत नाही असे कळले की पोरे ती पाखरांवर चालवणार.

ज्वारीला पाखरू लागते हे मला शिकवू नका. माझ्या आजीचा अर्धा हिवाळा माळ्यावर गोफण फिरवण्यात गेला. पण त्या काळी अख्खे शिवार ज्वारीचे असे. भोरड्यांचा थवा शंभर एकरांवर उतरला की प्रत्येकाच्या वाट्याला मूठमूठ नुकसान यायचे. आता भाव नाही म्हणून लोकांनी ज्वारी सोडली, कोणी सोयाबीन धरले, कोणी कांदा. उरलेल्या चार एकरांवर तोच थवा बसतो आणि त्या चार एकरांचा धनी म्हणतो, पाखरे वाढली. दादा, पाखरे वाढली नाहीत, ज्वारी घटली. ज्वारी घटली ती भावाने. तेव्हा नेम धरायचाच असेल तर आधी कुठे धरायचा ते ठरवा.

आणि तीच भोरडी, साळुंकी, कोतवाल एरवी काय खातात? कपाशीच्या पानावरच्या, ज्वारी-मक्याच्या पोंग्यातल्या अळ्या. २०१८ साली देशात नवी लष्करी अळी आली, ती मक्यावर आणि ज्वारीवर पसरली. गुलाबी बोंडअळी बोंडात दडते, तिथे पाखराची चोच पोचत नाही, हे मान्य. पण उघड्यावरच्या अळीला पाखरासारखा फुकटचा मजूर नाही. आम्हीच तुम्हाला सांगतो, कपाशीत पक्षीथांबे उभे करा. एका हाताने थांबा रोवायचा आणि दुसर्‍या हाताने त्यावर बसलेले पाखरू पाडायचे, याला शेती म्हणत नाहीत. चीनमध्ये १९५८ साली सरकारनेच चिमण्या मारायची मोहीम काढली. चिमण्या गेल्या, किडी माजल्या, आणि मोहीम गुंडाळावी लागली.

पाखरांसाठी उपाय आहेत. शिवारात एकाच आठवड्यात पेरा करा म्हणजे कणसे एकदम भरतील, थवा वाटला जाईल. कडेच्या ओळींची राखण दाणा दुधात असताना नेटाने करा. गोफण, डबा, चमकपट्टी आलटून पालटून वापरा, कारण पाखरू आठ दिवसांत शहाणे होते. यात बत्तीस हजार लागत नाहीत. लागतो तो शेजार्‍याशी बोलायचा वेळ.

हिवरे बाजारने काय केले

आता मूळ गावाकडे येतो. हिवरे बाजार नगर तालुक्यात. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पाऊस तेवढाच राहिला, वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर. १९८९-९० पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने काम धरले. टेकड्यांवर चर खणले, झाडे लावली, कुर्‍हाडबंदी केली, चराईबंदी केली, नशाबंदी केली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरवले. ऊस लावायचा नाही असे ठरवले. दरवर्षी पाऊस मोजून, पाणी मोजून, पीक ठरवू लागले. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती या कामाची.

या सगळ्या बंद्याच आहेत. मी स्वतः बंदी या शब्दाचा वैरी आहे. शेतकर्‍यावर घातलेल्या बहुतेक बंद्या शेतकर्‍याला बुडवायला घातलेल्या असतात. मग ही बंदी का चालली? सरळ कारण आहे. बंदी घालणारे, बंदी पाळणारे आणि बंदीचा फायदा घेणारे तेच होते. शेळ्या बांधल्या कोणी? गावाने. गवत कापून नेले कोणी? गावाने. विहिरीला पाणी आले कोणाच्या? गावाच्या. सोसणारा आणि ठरवणारा एक असला की माणूस उद्यासाठी आजचा घास सोडतो.

आता वन्य जनावरांचा कायदा या मापाने मोजा. ठरवणारा कोण? दिल्ली आणि मुंबई. पाळणारा कोण? बांधावरचा शेतकरी. फायदा कोणाचा? जंगल बघायला येणार्‍याचा, चित्र काढणार्‍याचा, आणि हो, पुढच्या पिढीचाही, ते नाकारत नाही. पण सोसणारा एकटा शेतकरी. हिवरे बाजारचे बघून शेकडो गावांनी टेकड्या हिरव्या करायचे मनावर घेतले. जिथे झाडी येते, पाणी येते, तिथे जनावर येणार. त्याला कोण बोलावतो? ज्याने चर खणले तोच. म्हणजे ज्या शेतकर्‍याने उजाड डोंगरावर जंगल उभे केले त्याच्याच शेतात जंगलाचे बिल येते. जनावर सरकारचे, चारा शेतकर्‍याचा. दुसर्‍याचे जनावर आपल्या पिकात शिरले तर आपण ते कोंडवाड्यात घालतो आणि मालकाकडून नुकसान वसूल होते. हा नियम पाटलाच्या बैलाला लागतो, सरकारच्या डुकराला का लागत नाही?

शहरातले भूतदयावाले म्हणतील, जंगल तुम्ही तोडले म्हणून जनावर शेतात आले. काही ठिकाणी खरे असेल. पण कुर्‍हाडबंदी करणार्‍या गावाला तरी हे ऐकवू नका.

कायद्यात वाट आहे, पण दार बंद आहे

जनावर मारूच नये असे कायदासुद्धा म्हणत नाही. कलम ११ मध्ये लिहिले आहे की उभ्या पिकाला धोका झाला असेल तर दुसर्‍या अनुसूचीतले जनावर मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रोही आणि रानडुकराच्या बाबतीत हे अधिकार खालच्या वनअधिकार्‍यांपर्यंत आणले. कागदावर छान. पण अर्ज करायचा शेतकर्‍याने, मारायचे परवानाधारक बंदूकवाल्याने, आणि गावात परवान्याची बंदूक एक, तीही निवडणूक आली की ठाण्यात जमा.

जून २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याच्या टापूत केंद्राच्या अधिसूचनेनुसार रोही मारल्या, तर दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर जुंपली. आठ दिवस वर्तमानपत्रांत रोहींचे अश्रू. ज्यांची पिके गेली त्यांचे अश्रू कोणत्या पानावर होते?

केरळने मे २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. उपद्रवी रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखाला दिला. अट घातली की मारायचे ते परवानाधारकाने बंदुकीने. विष नाही, स्फोटक नाही, विजेची तार नाही. मी असे म्हणत नाही की तिथे सगळे सुरळीत झाले. पण निर्णय बांधाच्या जवळ आला. महाराष्ट्रात ग्रामसभेला झाडाचा, पाण्याचा, दारूच्या दुकानाचा निर्णय घेता येतो, तर डुकराचा का नको?

विम्याचेही ऐका. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली, आणि जनावराने खाल्लेले पीक वर्षानुवर्षे तिच्या नेहमीच्या संरक्षणाबाहेर राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्य जनावरांनी केलेले नुकसान जादा संरक्षण म्हणून विम्यात घेता येईल. शेतकर्‍याने ७२ तासांच्या आत मोबाईलवरून जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवायचे. चांगले झाले. पण कोणते जिल्हे आणि कोणती जनावरे ते राज्याने ठरवायचे. आणि आपल्या राज्याने एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपात सुरू करून २०२५ साली बंदही करून दाखवला आहे. तेव्हा दार ठोठावत राहिल्याशिवाय ते उघडणार नाही.

मग करायचे काय

एक. आपापल्या ग्रामसभेत ठराव करा की शिवारात हवेच्या बंदुकीने पाखरू किंवा जनावर मारायचे नाही. हा ठराव आपल्या पोरांना तुरुंगापासून वाचवायला आहे. ज्यांनी बंदूक घेतली त्यांनी डब्यावर नेमबाजी करावी, तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस आणावे. आम्ही टाळ्या वाजवू.

दोन. कुंपणाला विजेची थेट तार लावू नका. रात्री ती डुक्कर आणि शेजारी यांच्यात फरक करत नाही. सौर झटका कुंपण वेगळे, त्याला अनुदानाच्या योजना आहेत. पण एकट्याने कुंपण केले तर जनावर शेजार्‍याकडे जाते आणि भाऊबंदकी सुरू होते. मागायचे तर गटाचे, शिवाराचे कुंपण मागा.

तीन. प्रत्येक गावात चार तरुणांची नोंद तुकडी करा. रात्री नुकसान झाले की सकाळी फोटो, गट नंबर, पीक, क्षेत्र, सगळे वहीत आणि मोबाईलवर. वनखात्याकडे अर्ज त्याच दिवशी, पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही. तोंडी तक्रार म्हणजे वार्‍यावरची वरात. जिल्ह्याची अशी एक वही तयार झाली तर कुठलाही मंत्री 'तुरळक नुकसान' म्हणू शकणार नाही.

चार. आपली मागणी एकच ठेवा. जनावर राखायचे असेल तर राखणीचा खर्च देशाने द्यावा. नुकसान बाजारभावाने, ठरलेल्या मुदतीत, उशीर झाला तर व्याजासह. ते देणे जमत नसेल तर निर्णय ग्रामसभेकडे द्या. भरपाई तरी द्या नाहीतर अधिकार तरी द्या. दोन्ही अडवून ठेवायचे आणि बाजारात बंदुकीची पेटी तेवढी मोकळी सोडायची, हा धंदा बंद करा.

निघताना त्या पोराला विचारले, "आता हिचे काय करणार?" तो म्हणाला, "सर, परत घेत नाहीत. निम्म्या किमतीत कोणीतरी घेईल." त्याचे आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वेळी गोफण होती. फुकटची. दगड चुकला तर निदान कर्ज होत नव्हते."

त्या पोराचा राग खोटा नाही. रात्र रात्र जागून उभे केलेले पीक सकाळी आडवे दिसले की मलाही बंदूक हवीशी वाटते. पण त्या रागाला कोणीतरी पेटीत भरून बत्तीस हजारांना विकतो आहे, आणि तो पेटीत बंद राहिला की दिल्लीला आणि मुंबईला शांत झोप लागते. राग विकत घेऊ नका. तो घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला या. येताना नुकसानीची वही आणा.